गुरुवारची बादली: कोथरूडमधल्या एका जुन्या गळतीचा माग

आमच्या न्हाणीघराच्या छताला पहिला डाग दिसला तो 2018 च्या ऑगस्टमध्ये. पापडाएवढा, कडेला पिवळसर. दिवाळीपर्यंत तो पोळपाटाएवढा झाला आणि संक्रांतीच्या सुमारास तिथून थेंब पडायला लागले. गळतीचं खरं ठिकाण सापडलं 2022 च्या डिसेंबरात. मधल्या चार वर्षांत दोन मोठ्या दुरुस्त्या झाल्या, दोन्ही चुकीच्या जागी. आणि त्या सगळ्या काळात आमच्या वर राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या काकूंना आम्ही दोषी धरलं. मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट ती आहे, म्हणून हे प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आमच्या चुकांसकट लिहून काढते आहे.

इमारत आणि तिची दोन पाणी

इमारत 1986 सालची. तळमजला आणि वर तीन मजले, बारा फ्लॅट, लिफ्ट नाही. मी पहिल्या मजल्यावर राहते आणि गेली काही वर्षं सोसायटीची सेक्रेटरी आहे. काकू-काका दुसऱ्या मजल्यावर, अगदी पहिल्या दिवसापासूनचे रहिवासी.

पुण्यातल्या त्या काळच्या बऱ्याच इमारतींसारखं आमच्याकडे पाणी दोन वाटांनी येतं. एक टाकीचं: महापालिकेचं पाणी खाली हौदात पडतं, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि तिथून दिवसभर घरोघरी उतरतं. दुसरं कॉर्पोरेशनचं थेट पाणी: रस्त्यावरच्या लाइनीतून सरळ वर चढणारं, सकाळी साधारण साडेपाच ते साडेआठ एवढंच येणारं. प्यायचं पाणी बहुतेकजण अजून याच नळाचं भरतात. 1986 मध्ये टाकी लहान होती, म्हणून बिल्डरने थेट पाण्याचा एक नळ स्वयंपाकघरात आणि दुसरा न्हाणीघरात, जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर दिला होता. त्या नळाखाली बादल्या भरायच्या, बंबात पाणी ओतायचं. पुढे गीझर आले, टाकी मोठी झाली, आणि ज्या घरांतून न्हाणीघरातला तो नळ काढला गेला तिथे त्याची आठवणही कुणाला राहिली नाही.

सगळे पाइप जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, गिलाव्यात गाडलेले. सांडपाण्याचे उभे पाइप बिडाचे, मागच्या डक्टमध्ये. न्हाणीघरांचा स्लॅब बाजूच्या खोल्यांपेक्षा फूट-सव्वाफूट खाली. त्या खड्ड्यात नहाणी ट्रॅपचा, म्हणजे फरशीतल्या जाळीखालून सांडपाणी नेणाऱ्या भांड्याचा, पाइप टाकून वर विटांचे तुकडे आणि सिमेंट भरलेलं, म्हणजे ब्रिकबॅट कोबा, आणि त्यावर फरशी. हा कोबा नीट लक्षात ठेवायला हवा. तो भिजला की स्पंजासारखा पाणी धरून बसतो आणि जिथून वाट मिळेल तिथून हळूहळू सोडतो. पाणी शिरतं एका कोपऱ्यात आणि खाली दिसतं भलत्याच ठिकाणी. बहुतेक वेळा ते स्लॅबमधून नहाणी ट्रॅपचा पाइप जिथे भिंतीकडे वळतो तिथल्या फटीतून उतरतं. सबंध भरावात तीच जागा सर्वांत कच्ची असते.

पहिली दुरुस्ती: फरशी

थेंब नेमके त्याच जागी पडत होते. सकाळी सात-साडेसातला सुरू व्हायचे, नऊच्या आसपास जोर असायचा, दुपारनंतर मंदावायचे. कुणीही तेच म्हटलं असतं जे आमच्या प्लंबरकाकांनी म्हटलं: "ताई, वरचा नहाणी ट्रॅप गेलाय. आंघोळीचं पाणी आहे हे."

निदान अगदी पटण्यासारखं होतं. सकाळी सात ते नऊ ही आंघोळीचीच वेळ. 2019 च्या एप्रिलमध्ये काकूंचं न्हाणीघर फोडलं. फरशी, कोबा, ट्रॅप, सगळं काढून नवीन केलं, वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले आणि भिंतीला कमरेपर्यंत नव्या टाइल्स लावल्या. खर्च अडतीस हजार. काकूंनी दिला आणि एका शब्दानेही कुरकुर केली नाही. मे आणि जूनमध्ये आमचं छत कोरडं होतं. मी रंग काढून घेतला. जुलैच्या मध्याला डाग परत आला, त्याच जागी.

ते दोन महिने छत कोरडं का राहिलं, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता. मी विचारला नाही. काम कच्चं झालं असणार, असं म्हणून सगळे गप्प बसलो.

दुसरी दुरुस्ती: खालून इंजेक्शन

2021 मध्ये एक वॉटरप्रूफिंगवाला आला. वरचं काही फोडायला नको, खालूनच स्लॅबला भोकं पाडून दाबाने रसायन भरू, म्हणाला. साडेचौदा हजार, या वेळी आमचे. न्हाणीघरातला थेंब खरंच थांबला. तीन आठवड्यांनी पॅसेजमधल्या दिव्याच्या होल्डरमधून पाणी ठिबकायला लागलं.

रसायनाने एक फट बुजवली, पण वरून पाणी येतच होतं. त्याने दुसरी वाट शोधली, आणि ती स्लॅबमध्ये घातलेल्या वायरिंगच्या पाइपातून निघाली. ही गोष्ट धोक्याची होती. त्या दिवशी मेन स्विच बंद करून आम्ही मेणबत्तीत जेवलो आणि दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनकडून त्या दिव्याची वायर सोडवून घेतली. ज्या गळतीचा उगम माहीत नाही ती खालून बुजवू नये, हे माझं ठाम मत तेव्हापासूनचं आहे. पाण्याला निदान आपण बघू शकतो अशा जागी तरी पडू द्यावं.

काकू

या काळात वर काय चाललं होतं ते मला फार उशिरा कळलं. काकूंनी न्हाणीघरात कपडे धुणं बंद केलं होतं. आंघोळ एका बादलीत उरकायच्या, तीही परातीत बसून, आणि परातीतलं पाणी संडासात ओतायच्या. गुडघे दुखणाऱ्या बाईने परातीत बसून आंघोळ करायची, का, तर खाली आम्हाला त्रास होऊ नये म्हणून. जिन्यात भेटल्या की मी विचारण्याआधीच म्हणायच्या, "आज कमी आहे का गं? मी अगदी तांब्यादोन तांब्येच घेतले." आणि मी, माझं खरं आहे अशा समजुतीने, "थोडं कमी वाटतंय" असं म्हणत असे.

2022 च्या पावसाळ्यानंतर गिलाव्याचा एक पोपडा माझ्या सासूबाईंपासून वीतभर अंतरावर पडला. आतल्या सळ्या दिसायला लागल्या, गंजलेल्या. काकूंचा मुलगा बेंगळुरूहून आला आणि म्हणाला, पुन्हा सगळं फोडू, खर्च मी देतो. त्याच्या बोलण्यात शरम होती. ती ऐकून मला पहिल्यांदा वाटलं की आपण कशाच्या जोरावर या माणसांना पुन्हा घर फोडायला लावतोय? पुरावा काय आहे आपल्याकडे? मी त्याला म्हटलं, "एक महिना दे. आधी हे पाणी कुठलं ते शोधू."

बादली आणि वही

सुरुवात एका गोष्टीने केली. थेंबाखाली बादली ठेवायची, रोज सकाळी सहाला मोजपात्राने मोजून रिकामी करायची आणि वहीत आकडा लिहायचा. हे काम सासूबाईंनी अंगावर घेतलं. निवृत्त शिक्षिका, हजेरी घेण्याची सवय. त्यांनी एक दिवस चुकवला नाही.

दरम्यान प्लंबरकाकांशी बसून कागदावर मांडणी केली. वरून येणारं पाणी तीनपैकी एकच असू शकतं. टाकीच्या लाइनीचं असेल तर तिच्यात चोवीस तास दाब असतो, म्हणजे थेंब रात्रंदिवस सारखे पडायला हवेत. सांडपाण्याचं असेल तर वापरानंतर पडायला हवेत, मग वापर सकाळी असो की दुपारी. कॉर्पोरेशनच्या लाइनीचं असेल तर पाणी येतं त्या वेळेच्या मागोमाग. पण हे तिसरं आम्ही लिहिलं आणि लगेच खोडलं, कारण काकूंच्या न्हाणीघरात कॉर्पोरेशनचा नळच नव्हता.

पहिली चाचणी पाणी साठवण्याची. काकूंच्या न्हाणीघरातल्या जाळीखाली कापडाचा बोळा घट्ट बसवून वर प्लॅस्टर ऑफ पॅरिसने तोंड बंद केलं, फरशीवर दोन इंच पाणी भरलं आणि भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली. अठ्ठेचाळीस तास ठेवलं. त्या दोन दिवसांत काकू-काका आमच्याकडे आंघोळीला आले. पाणी रेघेपासून दोन मिलिमीटर उतरलं, तेवढं बाष्प होऊन जातंच. म्हणजे फरशी आणि वॉटरप्रूफिंग ठणठणीत. आणि खाली बादली? शनिवारी 3.1 लिटर, रविवारी 3.3. वर कुणी आंघोळच केली नव्हती.

रविवारी दुपारी काकू आमच्या सोफ्यावर बसल्या होत्या. सासूबाईंनी वही त्यांच्यासमोर धरली. काकूंनी आकडा दोनदा वाचला आणि डोळ्याला पदर लावला. मी तेव्हाच माफी मागितली. ती मागून चार वर्षं परत येत नाहीत, हे मला माहीत आहे.

या चाचणीत एक जागा सुटते. तोंड बंद केल्यामुळे ट्रॅपच्या पुढचा पाइप तपासला जात नाही. म्हणून सोमवारी बोळा काढला आणि भर दुपारी तीन वाजता, थेंब मंदावलेले असताना, दहा बादल्या पाणी भराभर ओतलं. रात्री दहापर्यंत बादलीजवळ आळीपाळीने बसलो. थेंबांचा वेग वाढला नाही. सांडपाणी निर्दोष.

मंगळवारी रात्री टाकीकडून येणाऱ्या उभ्या लाइनीचा गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद केला. इथे एक गंमत झाली असती, पण प्लंबरकाका अनुभवी. जुन्या गेट व्हॉल्व्हची चावी पूर्ण फिरते आणि आतली पाती मात्र गंजून वरच अडकलेली असते. आपल्याला वाटतं बंद झालं, पाणी मात्र चालूच. त्यांनी खाली सगळे नळ उघडून पाणी खरंच थांबलंय याची खात्री केली. पाव इंचाची धार राहिलीच होती, तेव्हा टाकीच्या तोंडाशी लाकडी गुल्ली मारली. रात्रभर लाइन कोरडी. बुधवारी सकाळी सातला थेंब नेहमीसारखा सुरू, दिवसाचं माप 3.3 लिटर. टाकीची लाइनही निर्दोष.

माझ्या भाच्याने टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, आणला होता. थेंबाच्या पाण्याचा आकडा नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त आला आणि हे बोअरिंगचं किंवा गटाराचं पाणी आहे असा सगळ्यांचा ग्रह झाला. तसं नव्हतं. सिमेंटमधून झिरपताना पाणी चुना विरघळवून आणतं. छताला ज्या पांढऱ्या काड्या लोंबतात त्या त्याच चुन्याच्या. टीडीएसवरून उगम ठरवायला जाऊ नये.

आता कागदावर काहीच शिल्लक नव्हतं. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शनिवारी सकाळी सासूबाई वही घेऊन स्वयंपाकघरात आल्या. म्हणाल्या, "अगं, गुरुवारी 0.9 आणि शुक्रवारी 1.4. गेल्या पंधरवड्यातल्या गुरुवारीही असंच होतं बघ. काय आहे गुरुवारी?"

पुण्यात राहणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. महापालिका जलकेंद्रांची दुरुस्ती काढते ती बहुधा गुरुवारी. त्या दिवशी पाणी बंद असतं आणि शुक्रवारी सकाळी उशिरा, कमी दाबाने येतं. बादली त्याच वेळापत्रकाने भरत होती. मी कढई गॅसवर तशीच ठेवून प्लंबरकाकांना फोन लावला.

बंद केलेला नळ

प्लंबरकाका आले आणि त्यांनी काकूंना पहिलाच प्रश्न विचारला: "काकू, सकाळचं पहिलं पाणी कसं येतं?" काकू म्हणाल्या, "लालसर येतं. पहिला तांब्या मी तुळशीलासुद्धा घालत नाही, ओतून देते."

दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाचला आम्ही वर गेलो. पंखे बंद, फ्रिज बंद. प्लंबरकाकांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक भिंतीवर आणि मूठ कानाच्या हाडावर ठेवली. साडेपाच वाजून काही मिनिटांनी लाइनीत हवा वाजली, पाणी चढलं, आणि स्वयंपाकघर व न्हाणीघराच्या सामाईक भिंतीत, जमिनीपासून दीड हातावर, बारीक सूं असा आवाज सुरू झाला. मीही ऐकला. खाली जाऊन त्यांनी काकूंच्या थेट लाइनीचा कॉक बंद केला. आवाज थांबला.

दोनच टाइल्स फोडल्या. आत 1986 चा तो बादली भरायचा नळ होता, म्हणजे नळ नव्हे, नळाची जागा. फार पूर्वी टाइल्स बदलताना कुणीतरी नळ काढून तिथे प्लग मारला होता. जीआयच्या एल्बोमध्ये, म्हणजे काटकोनी जोडात, पितळेचं एक्स्टेन्शन निपल, म्हणजे आट्यांचा आखूड तुकडा, तसंच ठेवलेलं आणि त्याच्या तोंडाला प्लग. 2019 ला आम्ही नवीन टाइल्स लावल्या त्या जुन्याच टाइल्सवर, त्यामुळे हे सगळं आणखी एका थराआड गेलं.

बिघाड कसा झाला ते हातात घेऊन बघितलं. जीआयवर आटे पाडताना जस्ताचा मुलामा निघून जातो आणि पाइपाची जाडीही कमी होते, म्हणून गंज आधी आट्यांना धरतो. त्यात पितळ आणि लोखंड ओल्यात एकत्र आले की लोखंड झिजतं आणि पितळ शाबूत राहतं. निपल अजून पिवळंधमक होतं, एल्बोची कड मात्र बिस्किटासारखी हाताने तुटली. सुताचं आणि सफेद्याचं जुनं पॅकिंग काळं पडून सुटलेलं. त्या फटीतून पाणी भिंतीतून खाली उतरायचं, वॉटरप्रूफिंगच्या थराच्या मागून कोब्यात शिरायचं, आणि कोबा ते दिवसभर आमच्यावर सोडायचा. गुरुवारी पाणी बंद असूनही बादलीत 0.9 लिटर पडायचं ते आधी साठलेलं.

मे-जूनचं कोडंही सुटलं. दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो दाब. दुसऱ्या मजल्यावरचा नळ रस्त्यापासून सातेक मीटरवर, म्हणजे तिथे पाणी चढायला रस्त्यातल्या लाइनीत निदान पाऊण किलो दाब हवा. आमच्या भागात उन्हाळ्यात तेवढा नसतो. थेट पाणी कसंबसं पहिल्या मजल्यापर्यंत येतं आणि वरचे लोक टाकीच्या पाण्यावर भागवतात. दाब नाही म्हणून गळती नाही. पावसाळ्यात दाब आला, गळती आली. आम्ही त्या कोरडेपणाचं श्रेय अडतीस हजारांच्या फरशीला दिलं होतं.

आणि मला सर्वांत भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. साडेआठला रस्त्यातलं पाणी बंद झालं की उभ्या लाइनीतलं पाणी खाली ओढलं जातं आणि वरच्या भागात पोकळी होते. भोक असेल तर तिथून बाहेरचं आत खेचलं जातं. ते भोक ओल्या, चार वर्षं कुजलेल्या भिंतीत होतं, आणि त्याच लाइनीवर काकूंचा प्यायच्या पाण्याचा नळ होता. थेट लाइनीला मोटर लावणारे शेजारी असतील तर हे ओढणं कितीतरी पटीने वाढतं. ती बेकायदा गोष्ट आहे आणि ती करणारा माणूस आजूबाजूच्या घरांच्या गळक्या जोडांमधली घाण स्वतःच्या आणि त्यांच्याही पाण्यात ओढत असतो. छतावरच्या डागापेक्षा ही बाब गंभीर होती आणि चार वर्षांत एकदाही आमच्या बोलण्यात आली नव्हती.

दुरुस्ती

सरळ मार्ग म्हणजे एल्बो बदलायचा. प्लंबरकाकांनी हात लावायला नकार दिला. छत्तीस वर्षांच्या जीआयला एका टोकाला पाना लावला की पीळ पुढच्या जोडापर्यंत जातो आणि तिथले आटे सुटतात. एक गळती काढताना भिंतीत दुसरी तयार होते. त्यांनी बाहेर कापलेल्या पाइपाचा तुकडा दाखवला. अर्ध्या इंची पाइपाच्या आत गंजाच्या गाठी साचून जेमतेम पेन्सिल जाईल एवढी वाट राहिली होती. नुसता एल्बो बदलून काकूंच्या नळाची धार काही सुधारणार नव्हती.

म्हणून भिंतीतली थेट लाइन कायमची सोडून दिली. बाहेरच्या भिंतीवरून नवीन लाइन चढवायची आणि ती स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारून सरळ आत घ्यायची असं ठरलं. आधी वाटलं होतं की फक्त वरचा तुकडा बदलू. पण खालच्या पाइपावर नवे आटे पाडायला डाय लावला तर पाइपच चुरला, म्हणून तळमजल्यावरच्या कॉकपासून वरपर्यंत सगळा उभा पाइप बदलला. थंड पाण्याची लाइन, त्यामुळे यूपीव्हीसीचा प्लॅस्टिक पाइप पुरला. गीझरपुढची असती तर गरम पाणी सोसणारा सीपीव्हीसी लागला असता. ऊन लागतं तिथे पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे दोन हात दिले, कारण उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होतं.

दोन जागा मी स्वतः उभी राहून बघितल्या. धातूच्या कॉकला प्लॅस्टिक जोडताना पितळी आटे बसवलेलं फिटिंग वापरलं. प्लॅस्टिकचे आटे असलेल्या तोंडात धातूचा नळ जोर लावून आवळला की ते तोंड उभं चिरतं, कधी लगेच, कधी सहा महिन्यांनी. आणि सॉल्व्हंट लावलेल्या जोडांना रात्रभर वाळू दिलं. काकूंनी एक दिवस टाकीचं पाणी उकळून प्यायलं.

एकूण खर्च नऊ हजार दोनशे. बाहेरच्या लाइनीचा भाग सोसायटीने दिला, कारण आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या पाण्याच्या लाइनींची देखभाल सोसायटीकडे असते. दोन टाइल्स आणि आतली जोडणी काकूंची होती. ती आमच्या घरून द्यायची असं सासूबाईंनी ठरवलं आणि काकूंना बोलू दिलं नाही.

वाळायला लागलेला वेळ

नवीन लाइन सुरू झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी बादलीत 1.1 लिटर पाणी होतं. काकूंच्या मुलाचा बेंगळुरूहून घाबरून फोन. मी वही उघडून बसले. चौथ्या दिवशी 0.3, नवव्या दिवशी तळ ओला, बाराव्या दिवसापासून काहीच नाही. कोब्यात साठलेलं पाणी बाहेर पडायला एवढा वेळ घेतंच. या दिवसांत धीर सोडून माणसं बरोबर केलेलं काम पुन्हा फोडायला लावतात. आकडा रोज खाली येत असेल तर थांबावं.

ओल मात्र दीड-दोन महिने दिसत राहिली. भिंतीला लोणा फुटला, तो कोरड्या ब्रशने झाडत राहिलो. रंग मार्चमध्ये. त्याआधी छताचं सुटलेलं काँक्रीट ठोकून काढलं, सळ्या तारेच्या ब्रशने घासून गंजरोधक लावला आणि पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरून घेतलं. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट ढकलून पाडते, म्हणून नुसता गिलावा मारून भागत नाही.

नव्या इमारतीत तोच डाग

त्याच वर्षी माझ्या धाकट्या बहिणीच्या वाकडच्या फ्लॅटमध्ये असाच डाग आला. 2018 ची बावीस मजली इमारत, ती आठव्या मजल्यावर. तिने लगेच बादली ठेवली, कारण आमची हकीकत तिला रोज फोनवर कळत होती. पण तिथलं सगळं निराळं. सांडपाण्याचे पाइप कोब्यात गाडलेले नसून स्लॅबखाली टांगलेले आणि फॉल्स सीलिंगने झाकलेले. प्रत्येक फ्लॅटला स्वतंत्र मीटर आणि स्वतंत्र व्हॉल्व्ह. वरच्या घरातले सगळे नळ बंद करून मीटर बघितला, काटा स्थिर. म्हणजे दाबाची लाइन नाही. सीलिंगचा पत्रा काढला तर पीव्हीसीच्या एका जोडाला सॉल्व्हंट लावायचंच राहिलेलं, नुसता खोचलेला. वीस मिनिटांत निदान.

तिच्याकडे पुढचा त्रास दुसराच निघाला. टँकरचं जड पाणी, त्यामुळे शॉवरच्या जाळीत, गीझरच्या कॉइलवर, अँगल कॉकच्या आत चुन्याचा थर. उंच इमारतीत दाबही फार. प्रत्येक मजला तीन मीटर धरला तर वरच्या टाकीपासून तिच्या नळापर्यंत चाळीसेक मीटरचा स्तंभ, म्हणजे चार किलो. तिथे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह असतो, पण तो बिघडला की सिंकखालच्या जाळीदार कनेक्शन पाइपांवर सगळा भार येतो. गावाला जाताना घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करायची सवय तिने लावून घेतली आहे. आमच्या जुन्या इमारतीत एखादा पाइप वर्षानुवर्षं ठिबकतो. तिच्याकडे तो फुटला तर दोन तासांत घरात पाणी भरेल.

बाकी फ्लॅट

मार्चच्या सभेत मी वही सगळ्यांना दाखवली. नंतर दोन रविवार प्लंबरकाका आणि मी बाराही घरांत फिरलो. न्हाणीघरातला थेट नळ सात घरांत अजून चालू आहे. पाच घरांत तो प्लग मारून टाइलमागे गाडलेला आहे, काकूंच्या घरासकट. उरलेल्या चारांपैकी दोन घरांच्या खाली ओल नाही, एकाखाली कडेला पिवळसर रेघ आहे, आणि चौथं आमचंच. आमच्या टाइल्स 2009 मध्ये बदलल्या होत्या. नळ काढून प्लग मारायला मीच सांगितलं होतं, आता आठवतं. खालच्या मजल्यावरच्या घरात जाऊन मी छत बघितलं. अजून कोरडं आहे. दिवाळीनंतर या चारही लाइनी बाहेरच कापून बंद करायच्या असं ठरलं आहे, आणि पहिली आमची.

काकूंनी न्हाणीघरात कपडे धुवायला सुरुवात केली आहे. सकाळी साडेनऊच्या सुमाराला वरून धोपटण्याचा आवाज येतो.